टफेट आणि मायची चुंबळ

मी इंग्रजी शिकले ती गाईडमधून. चाकूरजवळच्या आमच्या गावात पाचवीला इंग्रजी सुरू झालं तेव्हा शिकवणारे गुरुजी स्वतःच गाईड हातात धरून शिकवायचे. त्या गाईडची एक पद्धत होती. ज्या शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्यालाच नीट ठाऊक नसे, त्याच्यापुढे तो ‘एक प्रकारचा’ लिहून मोकळा होई. ओक म्हणजे एक प्रकारचे झाड. रॉबिन म्हणजे एक प्रकारचा पक्षी. पुडिंग म्हणजे एक प्रकारचा खाद्यपदार्थ. परीक्षेत तेवढं लिहिलं की पूर्ण मार्क मिळत. घरात पहिल्यांदा कॉलेजात गेलेली मी, बी.ए.ला इंग्रजी घेऊन लातूरला आले, तेव्हा माझं डोकं अशा झाडांनी आणि पक्ष्यांनी भरलेलं होतं. त्यातल्या एकाचंही पान किंवा पीस मी पाहिलेलं नव्हतं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते. नवीन कचेऱ्या आल्या, त्यांच्याबरोबर साहेब लोक आले, आणि साहेबांच्या मुलांसाठी दालमिलच्या मागच्या गल्लीत एक इंग्रजी बालवाडी निघाली. तिथं शिकवायला कुणी मिळत नव्हतं. कॉलेजातल्या सरांनी माझं नाव सुचवलं आणि बालवाडीच्या मुख्याध्यापिकांनी, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, मला दिवाळीपर्यंत ठेवून घेतलं. सकाळी बालवाडी, दुपारी कॉलेज.

“दिवाळीआधी माझ्यासमोर एक पाठ घ्यावा लागेल,” त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “पाठ जमला तर पुढं ठेवू. नाही जमला तर वाईट वाटून घ्यायचं नाही.”

वाईट वाटण्याचा प्रश्न नव्हता. त्या साली सलग दुसऱ्यांदा पाऊस गेला होता. माय आणि बाबा दोघंही गावाजवळच्या पाझर तलावावर रोजगार हमीच्या कामाला जात होते. घरून काही येणार नव्हतं, मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली नव्हती. बालवाडी राहिली तर खोली राहणार होती आणि खोली राहिली तर कॉलेज. नाहीतर दिवाळीनंतर मीही मायच्या मागं मुरमाचं टोपलं घेऊन चालणार होते. टोपलं उचलण्याची मला लाज नव्हती, सुट्टीत मी ते उचललेलंच होतं. पण एकदा तिथं गेले की परत फिरणार नाही, हे मला कळत होतं.

बालवाडीच्या भिंतीवर मुंबईहून आणलेले तक्ते होते. एका तक्त्यावर इंग्रजी बडबडगीत आणि चित्र होतं. एक लहान मुलगी कशावर तरी बसून वाटीतलं खात असते, शेजारी एक आठ पायांचा कोळी येतो आणि ती घाबरून पळते, एवढीच गोष्ट. ती ज्यावर बसली होती त्याला गाण्यात टफेट म्हटलं होतं. चित्रात तिच्या झग्याच्या घेराखाली ते टफेट झाकून गेलं होतं. लाल रंगाचा एक काठ तेवढा दिसे.

पाठाच्या दहा-बारा दिवस आधी मी ते गाणं म्हणवून घेत होते, तेव्हा एका इंजिनियर साहेबांच्या मुलीनं हात वर केला. “टीचर, टफेट म्हणजे काय?”

मला माहीत नव्हतं. मोठ्या बाई दारातून जात होत्या. माझ्या तोंडातून निघून गेलं, “खुर्ची.”

“मग चेअर का नाही म्हणत?”

“ही एक प्रकारची खुर्ची,” मी म्हणाले.

ती गप्प बसली. समाधान झालं म्हणून नाही. आता विचारून उपयोग नाही हे कळल्यासारखी ती गप्प बसली. पाचवीत गुरुजींना रॉबिन केवढा असतो असं विचारून मीही तशीच गप्प बसले होते. घरी जाताना मला स्वतःचा राग आला. शिकून मी हेच करणार होते का? गाईड होणार होते?

खोलीवर माझ्याबरोबर हिमायतनगरकडची एक मैत्रीण राहायची. शेतकऱ्याची मुलगी, तोंडानं फटकळ. मी कॉलेजच्या ग्रंथालयातून आणलेला शब्दकोश चाळत होते.

“काय शोधून राहिली गं एवढं?”

“टफेट. ह्याच्यात नाहीच.”

“मग नसंल ना! कोशात नाही तो शब्द चार वर्षांच्या पोरांनी विचारला, अन् तू जीव काढून राहिली.” ती हसली. “तुला सांगू? स्टूल म्हण. पोरं बसतात ना स्टूलवर? झालं.”

“पण खरं काय ते?”

“खरं काय ते तुझ्या मोठ्या बाईला तरी माहीत हाय का?”

नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी धीर करून त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “स्टूल असेल. स्टूलच सांगा. आणि हे पाहा, वर्गात अडखळत जाऊ नका. मुलांना संशय आला की वर्ग हातातून जातो.”

कॉलेजातल्या सरांना विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. “मोठा कोश पाहायला हवा. अनेक खंडांचा असतो. आपल्याकडं नाही, आपला जिल्हा अजून नवा आहे.” हे ते नेहमी म्हणत. “नांदेडला एका जुन्या वाचनालयात आहे. पण एका शब्दासाठी नांदेडला कोण जातं?”

मी शनिवारी गेले. मला सांगता येणार नाही की तेव्हा मी फार विचार केला होता. पाठ मंगळवारी होता. पहाटेच्या पहिल्या एस.टी.त बसले तेव्हा एक गोष्ट ठरली होती. मंगळवारी मोठ्या बाईंसमोर ‘एक प्रकारचे’ म्हणायचं नाही.

नांदेडच्या वाचनालयात लाकडी टेबलामागं एक म्हातारे ग्रंथपाल बसले होते. त्यांनी मी कुठून आले, कशासाठी आले ते ऐकून घेतलं.

“लातूरहून? एका लफ्जासाठी?”

“हो.”

“लोक पाण्यासाठी दोन-दोन कोस फिरायलेत, बेटी, अन् तू लफ्जासाठी चार तास एस.टी.त बसून आलीस.” मला वाटलं ते परत पाठवतात. पण ते उठले. “हात धू. माठात पाणी थोडंच हाय, तांब्याभर घे. नाहीतर राहू दे, रुमालानं पूस.”

मी रुमालानं पुसले. त्यांनी कपाटातून एवढा जाड खंड काढला की तो दोन्ही हातांनी छातीशी धरून आणावा लागला. अक्षर मुंगीएवढं होतं. त्यांनी स्वतःचं भिंग दिलं. टफेट होता. सात-आठ ओळींत होता. त्या ओळी समजायला मला अर्धा तास लागला, कारण प्रत्येक शब्दासाठी दुसरा लहान कोश उघडावा लागत होता.

त्यात असं होतं. टफेट म्हणजे मूळ झुपका, गवताचा वगैरे. जमिनीतून थोडा वर आलेला, गवतानं झाकलेला लहानसा उंचवटा. दुसरा अर्थ होता बसायचं बुटकं आसन. आणि या दुसऱ्या अर्थाजवळ कोशकारांनी लिहिलं होतं की हा अर्थ बहुधा त्या बडबडगीताचा चुकीचा अंदाज करण्यातूनच रूढ झाला असावा. म्हणजे मुलगी बसली आहे, तेव्हा टफेट हे आसन असणार, असं इंग्रजांनीच धरून चाललं. मग आसनालाच टफेट म्हणू लागले.

मी ते तीनदा वाचलं. इंग्रजांनाही गाईड होतं तर! पण त्याहून मला धक्का बसला तो ‘बहुधा’चा. इतका जाड ग्रंथ, छातीशी धरून आणावा लागणारा, आणि तो म्हणतो ‘बहुधा’. तो म्हणतो ‘असावा’. मी लहानपणापासून घाबरत बोलत आले. वर्गात उत्तर देताना माझा आवाज बसतो, वाक्य अर्ध्यात राहतं. मला वाटायचं की ज्ञान म्हणजे न अडखळणं. आमच्या गाईडात ‘बहुधा’ हा शब्द एकदाही नव्हता.

“सापडला?” ग्रंथपालांनी विचारलं.

“सापडला. पण दोन अर्थ आहेत. नक्की कोणता ते त्यांनाही…”

“म्हणजे आधा सापडला.” ते खंड उचलत म्हणाले. “आधा तर आधा. खाली हात जाऊ नको.”

परतताना मी चाकूरला उतरले आणि गावच्या रस्त्याला लागले. दुपार झाली होती. घरी कुलूप होतं म्हणून मी सरळ तलावाच्या कामावर गेले. जेवणाची सुट्टी झाली होती. आमच्या वस्तीतल्या आणि मराठा गल्लीतल्या बाया दोन वेगळ्या घोळक्यांनी बसल्या होत्या. जमीन तव्यासारखी तापलेली. मुकादम एकटा खुर्चीवर होता. बाकी बाया उकिडव्या बसून भाकर खात होत्या, आणि माझी माय आमच्या घोळक्याच्या कडेला ऐटीत बसली होती. चुंबळीवर.

डोक्यावर घागर किंवा टोपलं टिकावं म्हणून खाली घेतात ती चुंबळ बहुतेक घरी जुन्या लुगड्याच्या चिंधीची असते. मायची गवताची होती. चांगल्या सालातल्या गवताचा पेंढा पिळून, गोल वळून, वरून सुतळीनं आवळलेली, चांगली टम्म. डोक्यावर घ्यायची वस्तू बुडाखाली घेऊ नये अशी गावची रीत आहे, त्यामुळं मायला सगळ्या बोलायच्या. माय ऐकायची नाही. त्यामागं एक जुनी गोष्ट होती. ती खळ्यावर, मालकाच्या अंगणात कामाला जायची तेव्हा इतर बायांना बसायला पोतं टाकलं जायचं आणि तिला नुसतं “बस तिकडं” म्हटलं जायचं. तेव्हापासून ती आपलं आसन आपणच घेऊन जाते. लहानपणी मला त्याची फार लाज वाटायची. मैत्रिणींसमोर ती चुंबळीवर बसली की मी दुसरीकडं बघायची.

“आलीस का? आज कशी?” माय म्हणाली. “भाकर हाय, खा.”

मी तिच्याजवळ मातीत बसले आणि तिला सगळं सांगितलं. नांदेड, कोश, गाणं. ती चावत चावत ऐकत होती.

“अन् कोळ्याला भिऊन पळाली ती पोरगी? ताट सोडून?”

“हो.”

“पोट भरलेलं असंल तिचं.” शेजारच्या बाया हसल्या. माय म्हणाली, “कोळी काय भाकर खातंय का? सरकून बसायचं. बस म्हणायचं बाबा, तूबी बस.”

मी मात्र तिच्या खाली बघत होते. गवताचा झुपका. बसायचं बुटकं आसन. दोन्ही अर्थ मायच्या बुडाखाली होते. तिला कसं सांगावं ते मला सुचेना. मी एवढंच म्हणाले, “माय, मला ही चुंबळ पाहिजे. मंगळवारपर्यंत.”

“अन् मी?”

“चिंधीची…”

तिनं उरलेला घास तोंडात टाकला. मग उठली, चुंबळ झटकली आणि माझ्या हातात दिली. “पाठ नीट घे. अन् हे बघ, रस्त्यानं जनावराला दिसू देऊ नको. गवत कुठं उरलंच न्हाई, बैल हातातून वढून खाईल.”

आम्ही दोघी हसलो, पण तिनं खरंच ती पदराखालच्या फडक्यात बांधून दिली. एस.टी.त ती मी मांडीवर घेऊन बसले.

मंगळवारी मोठ्या बाई मागच्या भिंतीला खुर्ची लावून बसल्या. त्यांच्या मांडीवर वही होती. मुलांनी गाणं म्हटलं. मग मी तक्त्यापुढं उभी राहिले आणि माझा आवाज बसला. नेहमीसारखाच. मोठ्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं.

मी म्हणाले, “मागं मी तुम्हाला टफेट म्हणजे खुर्ची असं सांगितलं होतं. ते… ते मला माहीत नव्हतं. मी अंदाजानं सांगितलं. ते चूक होतं.”

मुलं माझ्याकडं बघत होती. ती इंजिनियर साहेबांची मुलगी पुढं सरकली. मोठ्या बाईंची पेन्सिल थांबलेली मला दिसली.

“मग मी नांदेडला जाऊन पाहून आले,” मी म्हणाले. नांदेड म्हटल्यावर काही मुलांना बरं वाटलं. त्यांचे मामा तिकडे होते. “टफेट म्हणजे गवताचा उंचवटा असेल. किंवा बसायचं बुटकं आसन असेल. नक्की कोणतं ते मोठ्या पुस्तकालाही माहीत नाही. पण मी एक वस्तू आणली आहे.” आणि मी फडकं सोडलं.

चाळीस हात पुढं आले. बंगल्यातल्या त्या मुलांनी चुंबळ कधी पाहिली नव्हती. “टीचर, हे काय? हे खायचं असतं?” एकानं वासही घेतला. मी डोक्यावर ठेवून दाखवली, तिच्यावर पाण्याची कळशी ठेवून चार पावलं चालून दाखवलं. मग खाली ठेवली आणि त्या मुलीला म्हणाले, “बस.” ती बसली. हातात खोटी वाटी धरली. एकजण न सांगताच कोळी झाला आणि शेजारी येऊन बसला.

“आता पळ,” मुलं ओरडली.

“नाही पळत,” ती म्हणाली. तिला चुंबळ सोडायची नव्हती.

मग प्रत्येकाला बसायचं होतं. रांग लागली. पाठाची वेळ संपली तरी रांग संपेना, आणि सुतळी एका ठिकाणी सुटून गवताच्या काड्या बाहेर आल्या. तरी मी कुणाला उठवलं नाही.

मुलं गेल्यावर मोठ्या बाई उठल्या. “डोक्यावरची वस्तू मुलांच्या बुडाखाली दिलीत तुम्ही.”

“हो, बाई.”

“आणि मुलांसमोर सरळ सांगितलंत, मला माहीत नव्हतं, माझं चुकलं. शिक्षिकेनं असं सांगायचं नसतं. मी तुम्हाला बजावलं होतं.”

“बाई, मी खुर्ची सांगितलं ना, तेव्हा त्या मुलीनं पुढं विचारणंच सोडलं. मला ते…” वाक्य पूर्ण झालं नाही. मी पुन्हा सुरू केलं. “मला तसं शिकवायचं नाही.”

त्यांनी वही मिटली. “सोमवारी पालक बघायला येणार आहेत. त्यांना एक पाठ दाखवायचा आहे. हाच घ्या. पण पालकांसमोर हे असेल-नसेल नको. स्टूल म्हणा.”

नोकरी समोर ठेवलेली होती. हो म्हणायचं तेवढंच होतं. मी तक्त्यावरच्या त्या लाल काठाकडं बघितलं.

“स्टूल पण म्हणेन, बाई,” मी म्हणाले. “गवत पण म्हणेन. आणि नक्की माहीत नाही, हे पण म्हणेन.”

त्यांनी वही काखेत मारली. मला वाटलं, संपलं. मी खाली बसून बाहेर आलेल्या काड्या गोळा करू लागले.

“आणि ही इथंच ठेवणार का?” त्यांनी चुंबळीकडं बोट केलं.

“नाही. ती परत द्यायची आहे. मायला कामावर लागते.”

“मग सोमवारी काय दाखवाल?”

मी वर बघितलं. त्या हसत नव्हत्या. खरंच विचारत होत्या.

रविवारी मी गावी गेले. माय दारात बसली होती. मी तिचे केस बाजूला केले तर टाळूवर चिंधीच्या चुंबळीनं लाल वळ उमटलेला दिसला. मी तिची चुंबळ तिला दिली, सुटलेली सुतळी दाखवली.

“एवढ्या पोरांनी बसून एवढंच मोडलं?” ती म्हणाली. “मग ने परत. माझं भागतंय.”

“नाही,” मी म्हणाले. “मला वळायला शिकव.”

“तुला? कॉलेजवालीला?”

“हाव.”

गवत नव्हतंच. तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडला, दुपारभर मला शिकवलं आणि दुपारभर हसली. माझी चुंबळ एका बाजूला जाड, एका बाजूला बारीक झाली. तिच्यावर घागर टिकली नसती. “बसायला चालंल,” माय म्हणाली.

सोमवारी पालक आले. वर्गात खुर्च्या कमी पडल्या म्हणून मोठ्या बाईंनी आपली खुर्ची एका बाईसाहेबांना दिली आणि त्या उभ्या राहिल्या. मी पाठ घेतला. आवाज बसला, पुन्हा सुरू केला. टफेट म्हणजे काय ते नक्की माहीत नाही, असं मी साहेब लोकांसमोर म्हणाले. पाठीमागं कुणीतरी हसलं. मग मी माझी वाकडी चुंबळ जमिनीवर ठेवली, मुलांच्या आधी स्वतः तिच्यावर बसले, आणि बसूनच पुढचा पाठ घेतला.

दिवाळीनंतर बालवाडी उघडली तेव्हा त्या वर्गात मीच होते.